गोळीवरचा पहिला शिक्का

अंगाच्या एका बाजूला पुरळाचा पट्टा उठला, आग-आग होऊ लागली, की आपल्या मराठी घरातली वडीलधारी माणसे लगेच निदान करतात, "नागीण झाली!" कन्नड घरात हेच दुखणे 'सर्पसुत्तु', म्हणजे सापाचा वेढा. भाषा दोन, पण साप एकच! नागिणीचे तोंड आणि शेपूट एकमेकांना मिळाले की रोगी दगावतो, असेही सांगतात. मग गेरूचा लेप होतो, मंत्र टाकणाऱ्याचा शोध होतो आणि दोन-तीन दिवस हातचे गेल्यावर डॉक्टरची आठवण होते. डॉक्टर ॲसायक्लोव्हिर नावाच्या गोळ्या लिहून देतात.

वाचकहो, या गोळीची एक गंमत आहे. ती पोटात जाते, रक्तात उतरते, अंगभर फिरते. पण त्या रूपात ती विषाणूचे काहीही वाकडे करू शकत नाही. पेशीत शिरल्यावर तिला फॉस्फेटचा एक लहानसा तुकडा कोणीतरी चिकटवावा लागतो. तो चिकटला तरच पुढचे काम सुरू होते. ही गोष्ट एकट्या नागिणीच्या गोळीची नाही. एचआयव्हीच्या गोळ्या, रक्ताच्या कर्करोगाची इंजेक्शने, 'सी' प्रकारच्या काविळीचे औषध आणि कोविडच्या दिवसांत ज्याच्यासाठी लोक रात्र-रात्र रांगेत उभे राहिले ते रेमडेसिव्हिर, या सगळ्यांची नाडी त्या फॉस्फेटच्या तुकड्यापाशी आहे.

हा तुकडा चिकटवणाऱ्या विकरांना, म्हणजेच एन्झाइमांना, काइनेज म्हणतात. माणसाच्या पेशीतले हे काइनेज आता जिवाणूंकडून तयार करून घेता येते आणि संशोधनासाठी कुपीत भरून विकतही मिळते. नाव ऐकून दूरची वाटणारी ही वस्तू आपल्या घरातल्या औषधांच्या डब्याशी किती जवळची आहे, तेच आज सांगायचे आहे.

मी आदिलाबादेत कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. पैनगंगेच्या अलीकडच्या आमच्या घरांत मराठीच्या जोडीला तेलुगू, तुमच्या घरांत कन्नड. १९५६ पर्यंत तेलंगण, मराठवाडा आणि बिदर-गुलबर्गा-रायचूर हा सगळा मुलूख एकाच हैदराबाद राज्यात होता. आजही आजारपण आले की आपण राज्याची सीमा बघत नाही. आमच्याकडचा रोगी कधी यवतमाळला, कधी नागपूरला, कधी हैदराबादला जातो. तुमच्याकडचा सोलापूरला किंवा बेंगळुरूला. फायलीवरची भाषा बदलते, औषधाचे नाव मात्र तेच राहते. म्हणून ते औषध आत काय करते, हे आपल्या भाषेत समजून घेतलेले बरे.

तीन शिक्क्यांचा कागद

आपल्या पेशी वाढतात, दुभंगतात तेव्हा त्यांना डीएनएची नवी प्रत काढावी लागते. ही प्रत चार प्रकारच्या मण्यांची माळ असते. प्रत्येक मणी माळेत ओवला जाण्याआधी त्याच्यावर तीन फॉस्फेट बसावे लागतात. फॉस्फेट नसलेल्या मण्याला न्यूक्लिओसाइड म्हणतात.

तहसील कचेरीचे उदाहरण घ्या. अर्ज घेऊन गेलो की तीन टेबलांवर तीन शिक्के लागतात. तिसरा शिक्का बसेपर्यंत त्या कागदाला किंमत नाही. मराठीत शिक्का किंवा ठसा, कन्नडात 'ठस्से', कचेरी कुठलीही असो. आणि अनुभव असा, की पहिल्या टेबलावरचा शिक्का मिळाला की पुढचे दोन बहुधा लवकर मिळतात. अडते ते पहिल्याच टेबलावर. पेशीतही बऱ्याच वेळा असेच घडते. पहिला फॉस्फेट बसवणारे काइनेज बहुतेक औषधांची गती ठरवते.

आता शास्त्रज्ञांनी काय केले? खऱ्या मण्यासारखे दिसणारे खोटे मणी तयार केले. विषाणू किंवा कर्करोगाची पेशी प्रत काढताना फसते, खोटा मणी ओवते आणि माळ तिथेच तुटते. पण या खोट्या मण्यालाही तीन शिक्के लागतातच. मग ते शिक्के बसवूनच गोळी का देत नाहीत? कारण फॉस्फेटवर विजेचा ऋण भार असतो आणि असा भारित रेणू पेशीच्या तेलकट आवरणातून आत शिरू शकत नाही. म्हणून अर्ज कोराच आत न्यायचा आणि शिक्का आतल्या माणसाकडून मारून घ्यायचा. याचा एक फायदाही होतो. आत शिक्का बसला की तो कागद सहजासहजी बाहेर पडत नाही, औषध पेशीतच अडकून राहते.

फॉस्फेट मोजणारे सुब्बाराव

काइनेज हा फॉस्फेट आणते कुठून? एटीपी नावाच्या रेणूकडून. पेशीचे चलनी नाणेच म्हणा ना! या एटीपीच्या शोधात आपल्या दक्षिणेतल्या एका माणसाचे नाव आहे, ते दोन्ही भाषांतल्या मुलांना माहीत असायला हवे.

येल्लाप्रगडा सुब्बाराव १८९५ साली भीमावरमला जन्मले. आपल्या नांदेडवरून, बासरवरून वाहत जाणारी गोदावरी जिथे समुद्राला मिळते, त्या मुलखातले हे गाव. मद्रासला वैद्यकीचे शिक्षण घेऊन ते १९२३ साली अमेरिकेत हार्वर्डला गेले. तिथे सायरस फिस्क यांच्याबरोबर त्यांनी शरीरातल्या द्रवांमधला फॉस्फरस मोजण्याची पद्धत बसवली. १९२५ साली प्रसिद्ध झालेली ही पद्धत पुढे कित्येक दशके जगभरच्या प्रयोगशाळांत वापरली गेली. १९२९ साली फिस्क आणि सुब्बाराव यांनी स्नायूंमधून एटीपी वेगळे केल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनीही स्वतंत्रपणे तेच शोधून काढले होते. सुब्बाराव पुढे औषध कंपनीत गेले आणि रक्ताच्या कर्करोगावरच्या पहिल्या औषधांच्या जडणघडणीत त्यांचा हात लागला. १९४८ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. फॉस्फेटचे येणे-जाणे मोजता आले म्हणून काइनेजचा अभ्यास शक्य झाला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

नागिणीवर विषाणूचाच शिक्का

पुन्हा नागिणीकडे वळू. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या तरी त्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या गाठीत वर्षानुवर्षे झोपून राहतो. वय झाले किंवा प्रतिकारशक्ती कमी झाली की तो एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने कातडीवर येतो. तो मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूला पसरलेला असतो, म्हणून पट्टाही सहसा मधली रेषा ओलांडत नाही. तोंड आणि शेपूट जुळण्याची भीती म्हणूनच निराधार आहे.

हा विषाणू आपले स्वतःचे एक काइनेज बरोबर घेऊन येतो. त्याला थायमिडिन काइनेज म्हणतात. ॲसायक्लोव्हिरला पहिला शिक्का मारतो तो हा विषाणूचा कारकून! उरलेले दोन शिक्के आपल्या पेशीतले विकर मारतात. आपल्या निरोगी पेशीतले काइनेज ॲसायक्लोव्हिरकडे जवळपास ढुंकून बघत नाही. त्यामुळे ज्या पेशीत विषाणू आहे, तिथेच औषध तयार होते आणि बाकीचे शरीर बचावते. शत्रूच्या हातानेच शत्रूचा काटा काढण्यासारखे हे आहे. गर्ट्रूड एलियन यांच्या गटाच्या या कामाने विषाणूंवरच्या औषधांची दिशाच बदलली. १९८८ साली एलियन, जॉर्ज हिचिंग्ज आणि जेम्स ब्लॅक यांना वैद्यकाचे नोबेल मिळाले.

इथेच कुपीतल्या मानवी काइनेजचे महत्त्व ध्यानात येते. एखादे नवे औषध विषाणूचे काइनेज उचलते आणि माणसाचे उचलत नाही, हे सांगायचे तर दोन्ही काइनेज शुद्ध स्वरूपात समोरासमोर ठेवून बघावे लागतात.

माणसाचे विकर, जिवाणूच्या पोटात

पूर्वी असे विकर मिळवायचे तर माणसाचे ऊतक लागे, तेही बरेच, आणि हाती यायचे ते अगदी थोडे. त्यात इतर विकरांची भेसळ असायची ती वेगळीच. डीसीके, म्हणजे डीऑक्सिसायटिडिन काइनेज, हे या घराण्यातले महत्त्वाचे मानवी विकर. त्याचा जनुक आपल्या चौथ्या गुणसूत्रावर आहे. १९९१ साली या जनुकाची प्रत शास्त्रज्ञांनी वेगळी केली, आणि वाट मोकळी झाली.

पद्धत इन्सुलिनसारखीच. मधुमेह्यांना माहीत आहे, की १९८२ पासून मानवी इन्सुलिन जिवाणूंकडून बनवून बाजारात आले. तसेच इथे. माणसाच्या काइनेजचा जनुक डीएनएच्या एका लहान कड्यात जोडतात आणि ते कडे ई. कोलाय जिवाणूत सोडतात. खाऊपिऊ घातले की जिवाणू भराभर वाढतात. मग एक रसायन घालून त्यांना इशारा देतात आणि ते मानवी विकर बनवायला लागतात. पुढे जिवाणू फोडून त्यातून हवे तेवढे विकर निवडायचे. त्यासाठी जनुक जोडतानाच विकराच्या टोकाला एक छोटे शेपूट लावून ठेवलेले असते. निकेल धातू असलेल्या नळीतून गाळताना हे शेपूट नळीला धरून राहते, बाकीचे वाहून जाते. उरते ते शुद्ध मानवी काइनेज. जिवाणूने बनवले, तरी रचना माणसाची. अशा विकराला पुनर्संयोजित, म्हणजे रिकॉम्बिनंट म्हणतात.

माझी एक जुनी विद्यार्थिनी हैदराबादेत औषध संशोधनाच्या प्रयोगशाळेत काम करते. दिवाळीला घरी आली की भेटते. मी एकदा तिला विचारले, "अगं, ती कुपी दिसते तरी कशी?" ती हसून म्हणाली, "सर, रिकामीच वाटते! तळाला थेंबभर पाणी असावे तसे. पण फ्रीजरमधून काढायची ती बर्फात रोवूनच. आणि एकदा वितळली की पुन्हा-पुन्हा गोठवायची नाही, विकर मरते." कुपीवर लिहिलेले असते, 'फक्त संशोधनासाठी'. ते औषध म्हणून कोणाला टोचायचे नसते. ते औषधाची परीक्षा घेणारे परीक्षक असते.

परीक्षा अशी. बारीक खळग्यांच्या ताटलीत काइनेज, एटीपी, थोडे मॅग्नेशियम आणि तपासायचा नवा रेणू एकत्र करतात आणि अंगाच्या उष्णतेइतक्या, म्हणजे ३७ अंशांवर ठेवतात. काइनेजने नव्या रेणूवर फॉस्फेट बसवला, तर एटीपी खर्च होतो. किती खर्च झाला ते कसे कळणार? एका पद्धतीत चक्क काजव्याचे विकर वापरतात! पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या रानात झाडांवर काजवे लुकलुकतात. त्या उजेडाला एटीपी लागते. ताटलीत काजव्याचे विकर घातले, की जिथे एटीपी उरले आहे तिथे उजेड पडतो, जिथे काइनेजने ते खर्च केले तिथे अंधार. उजेड यंत्राने मोजला की नव्या रेणूला शिक्का बसतो की नाही, आणि किती वेगाने, ते समजते. शेकडो रेणू असे तपासून त्यातले थोडेच पुढे पाठवायचे. नापास झालेला रेणू रोग्यापर्यंत पोहोचत नाही, हा त्यातला मोठा लाभ.

डाव्या हाताचे औषध

या परीक्षांमधून डीसीकेचा एक विलक्षण स्वभाव कळला. निसर्गातले बरेच रेणू हातांसारखे असतात, उजवा आणि डावा. आरशात पाहिले तर सारखे, पण उजव्या हाताचा मोजा डाव्याला बसत नाही. आपल्या डीएनएतले न्यूक्लिओसाइड सगळे एकाच हाताचे. बहुतेक विकर दुसऱ्या हाताला ओळखतही नाहीत. डीसीके मात्र दोन्ही हातांचे रेणू घेते.

याचा फायदा लॅमिव्हुडिन या औषधाला झाला. हे उलट्या हाताचे न्यूक्लिओसाइड आहे. डीसीके त्याला पहिला शिक्का मारते, आणि एचआयव्हीची प्रत काढणारे यंत्र त्यावर अडखळते. आज भारतात सरकारी एआरटी केंद्रांवर मिळणाऱ्या नेहमीच्या गोळीत टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर अशी तीन औषधे एकत्र असतात. म्हणजे ती गोळी घेणाऱ्या प्रत्येकाच्या पेशीत डीसीके रोज कामाला लागलेले असते.

आपल्या सीमाभागाला या औषधांचे मोल वेगळे सांगायला नको. १ एप्रिल २००४ रोजी केंद्र सरकारने मोफत एआरटी सुरू केली ती सहा राज्यांतल्या आठ सरकारी रुग्णालयांत. त्या सहांमध्ये महाराष्ट्र होता, कर्नाटक होते आणि ज्यात तेव्हा आमचा आदिलाबाद जिल्हा होता ते आंध्र प्रदेशही होते. आपल्या तिन्ही भाषांची घरे त्या यादीत होती. त्याआधी ही औषधे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होती.

या औषधांतले पहिले झिडोव्हुडिन. जेरोम हॉर्विट्झ यांनी ते १९६४ साली कर्करोगासाठी बनवले. तिथे ते चालले नाही. पुढे एचआयव्हीवर ते उपयोगी पडते असे दिसले आणि १९८७ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. भारतात ते स्वस्तात बनवण्याची पद्धत हैदराबादच्या आयआयसीटी या सरकारी प्रयोगशाळेत ए. व्ही. रामाराव यांच्या देखरेखीखाली बसवली गेली आणि १९९३ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने ते बाजारात आणले. २००१ च्या फेब्रुवारीत याच कंपनीच्या युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा एकत्र उपचार वर्षाला ३५० डॉलरला देण्याची तयारी दाखवली. तोपर्यंत परदेशी कंपन्यांच्या अशा उपचाराला वर्षाला दहा हजार डॉलरच्या आसपास खर्च येत असे. मुंबई आणि हैदराबाद, आपल्या दोन्ही बाजूंच्या शहरांनी जगाला दिलेली ही देणगी आहे.

गरोदर आयांसाठी झिडोव्हुडिनने काय केले, तेही सांगायला हवे. १९९४ साली अमेरिका आणि फ्रान्समधल्या एका चाचणीत दिसले, की औषध न घेतलेल्या आयांच्या शंभरातल्या सुमारे २५ बाळांना संसर्ग होत होता, तो औषधाने ८ वर आला. आज अधिक चांगल्या औषधांनी हा धोका आणखी कितीतरी खाली आणता येतो.

एकाच खिडकीवर दोघे

काइनेजच्या अभ्यासातून डॉक्टरांना एक साधा नियम मिळाला. झिडोव्हुडिन आणि स्टॅव्हुडिन ही दोन्ही एचआयव्हीची औषधे, दोन्ही चांगली चालत. मग दोन्ही एकत्र दिली तर दुप्पट फायदा? उलटेच घडले. दोघांनाही पहिला शिक्का मारते ते एकच थायमिडिन काइनेज. खिडकी एक आणि अर्जदार दोन. झिडोव्हुडिन पुढे घुसते, स्टॅव्हुडिन रांगेत ताटकळते आणि त्याचा शिक्का राहूनच जातो. म्हणून ही जोडी एकत्र द्यायची नाही, असे ठरले. दुष्परिणामांमुळे स्टॅव्हुडिन पुढे उपचारांतूनच गेले, पण धडा राहिला. लॅमिव्हुडिन आणि एमट्रिसिटॅबिन ही दोन्ही डीसीकेकडेच जातात, म्हणून तीही एकत्र देत नाहीत.

घरातल्या माणसांनी यातून एवढे घ्यावे: दोन गावच्या दोन डॉक्टरांची औषधे आपल्या मनाने एकत्र करू नयेत. नावे वेगळी असली तरी आतली खिडकी एक असू शकते.

रक्ताच्या कर्करोगात पहिला शिक्का हरवतो तेव्हा

सायटाराबिन हे रक्ताच्या कर्करोगावरचे जुने आणि अजूनही महत्त्वाचे औषध. त्याची कल्पना समुद्रातून आली. वर्नर बर्गमन या शास्त्रज्ञांना १९५० च्या सुमारास अमेरिकेच्या फ्लोरिडा किनाऱ्याजवळच्या एका स्पंजात वेगळ्याच साखरेचे न्यूक्लिओसाइड सापडले. त्याच धर्तीवर सायटाराबिन बनले आणि १९६९ साली अमेरिकेत मान्य झाले. मुंबईच्या टाटा रुग्णालयात, हैदराबादच्या एमएनजेमध्ये, बेंगळुरूच्या किडवईत रक्ताचा कर्करोग झालेल्या कोणा मुलाच्या उशाशी बसलेल्या आईबापांनी हे नाव ऐकलेले असते.

सायटाराबिनला पहिला शिक्का डीसीके मारते. रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या एका वंशात, लिम्फोसाइटमध्ये, डीसीके भरपूर असते. रक्ताच्या कर्करोगांत या घराण्याची औषधे लागू पडण्याचे हे एक कारण. पण काही वेळा औषध आधी लागू पडते आणि मग पडेनासे होते. घरचे म्हणतात, "औषध बनावट तर नसेल?" "आपलेच काही चुकले का?" प्रयोगशाळेत सायटाराबिनला दाद न देणाऱ्या पेशी वाढवून पाहिल्या, तेव्हा त्यांत डीसीके नाहीसे झालेले किंवा बिघडलेले वारंवार आढळले. औषध खरे, मात्राही बरोबर. पण पहिल्या टेबलावरचा कारकूनच जागेवर नाही! प्रतिकाराची इतरही कारणे असतात, तरी हे एक ठळक. आईबापांच्या मनातला दोषाचा काटा काढण्यापुरते तरी हे ज्ञान मोलाचे आहे.

२००३ साली डीसीकेची त्रिमिती रचना, कोणत्या खाचेत औषध बसते यासकट, जाहीर झाली. ती मिळाली ती जिवाणूंकडून बनवलेल्या शुद्ध विकराचे स्फटिक करूनच. कुलूप समोर दिसू लागले की किल्ली घासणे सोपे जाते. तेव्हापासून नव्या औषधांची आखणी त्या खाचेकडे बघून करता येते.

शिक्का मारून, पाकिटात घालून

पहिले टेबल फारच हळू असेल तर? तर ते टाळायचे. टेनोफोव्हिरमध्ये फॉस्फेटसारखा भाग आधीच जोडलेला असतो. त्याला पहिल्या काइनेजची गरजच नाही. पण आधीच शिक्का असलेला कागद दारातून आत जात नाही, हे आपण पाहिले. म्हणून त्याच्यावर रासायनिक पाकीट चढवतात. आत गेल्यावर पाकीट फाटते. ब्रिटनमध्ये कार्डिफचे क्रिस मॅकगिगन यांनी पाकिटाची एक नामी पद्धत बसवली. त्याच पद्धतीवर 'सी' काविळीचे सोफोसबुव्हिर उभे आहे. अमेरिकेत २०१३ साली ते आले तेव्हा एका गोळीची किंमत १,००० डॉलर होती. भारतीय कंपन्यांना परवाने मिळाले, किंमत उतरली, आणि जुलै २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात 'सी' काविळीचा उपचार सरकारी रुग्णालयांत मोफत मिळू लागला.

रेमडेसिव्हिरही पाकिटातलेच. त्याच्या मूळ न्यूक्लिओसाइडला पहिला फॉस्फेट बसायला फार वेळ लागतो, म्हणून हा खटाटोप. जून २०२० मध्ये हैदराबादच्या हेटेरो आणि मुंबईच्या सिप्ला या कंपन्यांना ते बनवायची मंजुरी मिळाली. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत या औषधाच्या कुप्यांसाठी दागिने गहाण पडले, काळाबाजार झाला. विज्ञान सांगत होते ते वेगळेच: विषाणू वाढत असतानाच्या पहिल्या दिवसांत त्याचा उपयोग, व्हेंटिलेटर लागल्यानंतर फारसा नाही. विषाणूची प्रत अडवणारे औषध प्रती काढून झाल्यावर काय करणार? औषध कसे काम करते हे ठाऊक असते, तर कितीतरी घरांची फरफट कमी झाली असती.

कुपीतल्या काइनेजलाही मर्यादा आहेत, हे सांगितले पाहिजे. ताटलीत विकर एकटे असते. पेशीत त्याच्याभोवती खरे मणी असतात, फॉस्फेट काढून घेणारे विकर असतात, औषध बाहेर फेकणारे पंप असतात. ताटलीत पास झालेला रेणू पेशीत, प्राण्यात, शेवटी माणसात नापास होऊ शकतो. म्हणून एखाद्या नव्या रेणूने 'प्रयोगशाळेत कमाल केली' अशी बातमी वाचली, की आनंद मानावा, पण मेडिकल दुकानात विचारायला धावू नये.

घरच्यांसाठी चार गोष्टी

नागिणीचा पट्टा दिसला की पहिल्या ७२ तासांत डॉक्टर गाठा. विषाणू प्रती काढत असतानाच औषधाचा खरा उपयोग. कपाळावर, नाकावर, डोळ्याजवळ पुरळ असेल तर त्याच दिवशी जा. डोळा जाऊ शकतो. आजी-आजोबांना मागे उरणारी मज्जातंतूंची वेदना महिनोन् महिने छळते, तेव्हा लेपात दिवस घालवू नका.

एआरटीची गोळी रोज, ठरल्या वेळी. लॅमिव्हुडिन रक्तातून काही तासांत ओसरते, पण तीन शिक्के बसलेले रूप पेशीत जास्त वेळ टिकते. म्हणूनच दिवसातून एक गोळी पुरते. टिकते याचा अर्थ कायम राहते असा नव्हे. लग्नासराईत, जत्रेत, कापूस वेचणीच्या घाईत चार दिवस गोळी राहिली, की पेशीतला साठा संपतो आणि विषाणूला औषध पचवायला शिकण्याची संधी मिळते. बरे वाटते म्हणून गोळी सोडू नये. गोळी चालू आहे म्हणून बरे वाटते आहे. गावी जाताना जास्तीच्या गोळ्या बरोबर न्या. परराज्यात जास्त दिवस राहायचे असेल तर आधी आपल्या केंद्रात सांगून तिकडच्या केंद्राची चिठ्ठी घ्या.

सायटाराबिन पोटातून दिले तर ते शरीरात लवकर मोडते, म्हणून ते टोचूनच देतात आणि त्याचे वेळापत्रक पाळावे लागते. गाडी चुकली, पाऊस लागला म्हणून एखादा दिवस टळणार असेल तर रुग्णालयाला आधी फोन करा.

आणि औषधांची एक यादी घरात ठेवा, रुग्णाच्या नावाने, गोळीच्या मूळ नावासह. मराठीत लिहा, कन्नडात लिहा, पण नाव नीट लिहा. डॉक्टर बदलला, गाव बदलले, राज्य बदलले, तरी ती यादी पुढे करा. पेशीतला कारकून एका वेळी एकाच अर्जावर शिक्का मारतो; त्याच्यापुढे कोणता अर्ज ठेवायचा, हे डॉक्टरला ठरवता आले पाहिजे.